फोनवरचं अंत्यदर्शन: साथीच्या काळातल्या निरोपाच्या सेवा कितपत कामाच्या होत्या?

माणूस गेल्यानंतर जिच्याशी गाठ पडते, त्या सेवेचं परीक्षण करायची आपल्याकडे पद्धत नाही. मिसळीला लोक तारे देतात, शववाहिकेला कोण देणार? पण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत घरोघरी हीच निवड करावी लागली. कुठली दाहिनी, चेहरा कधी दाखवणार, फोन कोण धरणार, दहावा झूमवर चालेल का, अस्थी कुठे ठेवायच्या. यातल्या बऱ्याच सोयी साथीबरोबर संपल्या नाहीत. आई पुण्यात, मुलगा न्यू जर्सीत आणि मिळेल ते विमान परवाचं, हे आजही होतंच. म्हणून त्या काळात यातलं काय चाललं, काय फसलं आणि का, ते नीट लिहून ठेवलेलं बरं.

मत आधीच सांगतो. सगळी धावपळ शवागाराच्या दारातल्या दहा मिनिटांसाठी करा, स्मशानातल्या कॅमेऱ्यासाठी नको. दाहिनीचं दार बंद होतानाचं चित्रण कितीही स्वच्छ असलं तरी लांबच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. चेहरा दिसला आणि स्वतःच्या हाताने दोन थेंब पाणी सोडता आलं, तर तुटक व्हॉट्सॲप कॉलही पुरतो. पुढची सगळी तुलना याच मापाने केली आहे.

नियमात होतं ते आणि खिडकीवर सांगितलं जायचं ते

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजी कोविडच्या मृतदेहाच्या हाताळणीबाबत सूचना काढल्या. त्यात अंत्यदर्शनाला बंदी नव्हती. कर्मचाऱ्याने पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडून नातलगांना शेवटचं पाहू द्यायला हरकत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. धर्मग्रंथ वाचणं, पवित्र जल शिंपडणं, देहाला हात न लावता होणारे इतर विधी, सगळ्याला मुभा होती. मनाई होती ती अंघोळ घालायला, मिठी मारायला, मुका घ्यायला. राखेपासून धोका नाही, विधींसाठी ती गोळा करता येईल, हेही त्यातच होतं.

टाळेबंदीच्या आदेशातला २० माणसांचा आकडा वेगळा. तो गृहमंत्रालयाने २४ मार्च २०२० ला सरसकट सगळ्या अंत्यविधींसाठी घातला, आणि एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांतही राज्यात तोच राहिला. प्रत्यक्षात कोविडच्या मृतदेहाबरोबर दोन ते पाच जणांनाच आत सोडायचे, आणि ‘पिशवी एकदा बंद झाली की उघडत नाही’ हे वाक्य तर शासनाचा आदेश असल्यासारखं ऐकवलं जायचं. आदेश तसा नव्हता. कर्मचारी कमी, पीपीई किट मोजके, भीती भरपूर आणि मूळ कागद कोणी वाचलेला नाही, एवढंच त्यामागे होतं. ज्या घरातल्या कोणाच्या मोबाइलमध्ये त्या सूचनांची पीडीएफ होती, त्यांची अर्धी हुज्जत वाचली.

शवागारातली दहा मिनिटं

दर्शन इथेच मागायचं, स्मशानात नाही. स्मशानात मागे रांग असते, चालकाला पुढची फेरी असते आणि पिशवी उघडायला प्रशिक्षित माणूस नसतो. शवागारात तो असतो.

मागताना शब्द जपून वापरावा. ‘दर्शन घ्यायचंय’ म्हटलं की उपकार मागितल्यासारखं होतं. ‘ओळख पटवायची आहे’ म्हटलं की ते रुग्णालयाचंच काम होतं. ही नुसती युक्ती नाही. मृतदेहांची अदलाबदल झाल्याच्या बातम्या त्या काळात वारंवार आल्या. पिशवीवरच्या चिठ्ठीवरचं नाव, वय आणि रुग्णनोंदणी क्रमांक हातातल्या कागदाशी ताडून पाहावा, आणि मगच चेहरा. फक्त नावावर भरवसा ठेवू नये. एकाच वॉर्डात दोन शिंदे असायला वेळ लागत नाही.

पिशवी गळती न होणारी प्लास्टिकची, बाहेरून १ टक्का हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुसलेली. काही पिशव्यांना चेहऱ्यापाशी पारदर्शक खिडकी असते. ऐकायला ही सोय छान. पण शीतकपाटात सुमारे ४ अंशांवर ठेवलेला देह एप्रिलच्या दमट हवेत बाहेर काढला की त्या खिडकीवर लगेच दव धरतं. त्यातच हायपोक्लोराइटचा पांढुरका थर. व्हिडिओ कॉलवर मग नुसता धुरकट ठिपका दिसतो, आणि तिकडचा माणूस ‘नीट दिसत नाही’ म्हणेपर्यंत ट्रॉली हललेली असते. कर्मचाऱ्याला आधी कोरड्या कापडाने खिडकी पुसायला सांगावं, दोन-तीन मिनिटं थांबावं, परत पुसायला लावावं आणि मगच कॉल लावावा. फोन वरून सरळ धरला तर ट्यूबलाइटची चमक येते. पायाकडच्या बाजूला उभं राहून थोडा तिरका धरला की चेहरा दिसतो.

फार कमी घरांना ठाऊक असलेली आणखी एक सवलत त्याच सूचनांत होती. पिशवीवरून घरची चादर गुंडाळायला परवानगी होती. म्हणजे सवाष्ण गेली तर तिची हिरवी साडी, आजोबांचं उपरणं, वारकऱ्याच्या घरचा बुक्का आणि तुळशीची माळ, हे सगळं पिशवीवर चालायचं. मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालता येत नव्हतं, ते चादरीवर ठेवायचं. कापड सुती द्यावं. जरीची जड साडी आणि नायलॉन दाहिनीवाले काढून ठेवायला सांगतात आणि तिथे वाद होतो.

दागिन्यांचं मात्र शवागारात विचारण्यात अर्थ नाही. मंगळसूत्र, अंगठी, कानातलं, मोबाइल, चष्मा, कवळी यांची नोंद रुग्ण अतिदक्षता विभागात हलवतानाच करून घ्यायची असते. नंतर कोणालाच काही आठवत नाही. आणि छातीत पेसमेकर असेल तर तो बसवलेला आहे हे न विचारता सांगावं. दाहिनीच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते आणि भट्टीच्या विटांचं नुकसान होतं. विद्युत किंवा गॅसदाहिनीत जाण्याआधी तो काढावाच लागतो.

कागद तिथेच तपासा. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये, घरी गेलेल्या माणसासाठी ४अ मध्ये. नाव आधार कार्डाप्रमाणेच हवं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि तिथली चूक पुढे बँक, विमा, सानुग्रह अनुदान सगळीकडे आडवी येते.

या सेवेला सरासरी गुण देता येत नाहीत. एकाच शहरातल्या दोन रुग्णालयांत पाचपैकी पाच आणि शून्य असा फरक असायचा, आणि तो बहुतेक वेळा त्या पाळीला शवागारात कोण आहे यावर ठरायचा.

पालिकेची दाहिनी

मुंबईत पालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. चितेलाही साधारण ३०० किलो लाकूड मोफत मिळतं. कोविडमध्ये मात्र सगळा भर विद्युत आणि गॅसदाहिन्यांवर होता. एका देहाला दीड-दोन तास धरले आणि दाहिनी रात्रंदिवस चालवली, तरी दिवसाला बारा-पंधराच्या पुढे जाता येत नाही. त्यात भट्टीला विश्रांती नाही. सूरतमध्ये एप्रिल २०२१ मध्ये गॅसदाहिन्यांच्या लोखंडी चौकटी वितळल्याच्या बातम्या आल्या, त्या यामुळेच. म्हणून ‘चारची वेळ दिली आहे’ याचा अर्थ चार ते आठ असा धरायचा, आणि परदेशातल्या नातेवाइकांना चारची लिंक देऊन बसवून ठेवायचं नाही.

घरच्यांना तिथे काय करता येतं? हात न लावता होणारं बरंच काही. मडक्याच्या तीन फेऱ्या ट्रॉलीभोवती मारता येतात, तीन मिनिटांचं काम आहे, अश्म्याने, म्हणजे दगडाने, छिद्र पाडायलाही कोणी अडवत नाही. भडाग्नीऐवजी कापूर. तो पिशवीवर पेटवू नये, प्लास्टिक लगेच पेट घेतं. दाहिनीच्या तोंडाशी पाटावर किंवा लाकडाच्या ढलपीवर पेटवावा. मडकं अर्धंच भरा. फरशी हायपोक्लोराइटने ओली, पायात प्लास्टिकची पिशवी, डोळ्यांवर धुकं धरलेला गॉगल, खांद्यावर पाण्याचं मडकं, आणि कर्ता, म्हणजे विधी करणारा, रात्रभर जागा. घसरून पडायला याहून जास्त काही लागत नाही.

पीपीई किट फार लवकर चढवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटांत चक्कर यायला लागते. नंबर जवळ आला की घालावं. आणि घालताना जेवढी काळजी घेतो त्याच्या दुप्पट काढताना घ्यावी, कारण संसर्ग बाहेरच्या बाजूला असतो: आधी हातमोजे, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत, मग गॉगल, मास्क सगळ्यात शेवटी, आणि मधल्या प्रत्येक पायरीला हात निर्जंतुक.

राख सावडायला तिसऱ्या दिवसापर्यंत थांबता यायचं नाही. दाहिनीवाले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला सांगायचे. टोकन क्रमांक मडक्यावर लिहिलेला आहे की नुसता झाकणावर, ते बघा. झाकणं बदलतात.

दफनाच्या बाबतीत सेवेपेक्षा आदेशांचाच गोंधळ मोठा होता. मुंबई पालिकेने ३० मार्च २०२० रोजी धर्म कोणताही असो, सगळ्यांचं दहनच करायचं, असं परिपत्रक काढलं आणि काही तासांत मागे घेतलं. वांद्र्याच्या कब्रस्तानातल्या दफनाला शेजारच्यांनी घेतलेली हरकत मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये फेटाळली, तेव्हा हा विषय मिटला. गुस्लऐवजी (देहाला अंघोळ घालण्याऐवजी) पिशवीवरूनच तयम्मुम (पाण्याविना, मातीने करायची शुद्धी) करायची मुभा धर्मगुरूंनी दिली होती. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानातल्या स्वयंसेवकांचं काम त्या काळातलं सगळ्यात चोख. त्यांनी बेवारस आणि नातेवाईक विलगीकरणात अडकलेल्या हिंदूंचेही अंत्यसंस्कार केले. पारशी कुटुंबांची कोंडी सर्वांत लांबली. दोखमेनशिनीला, म्हणजे शांतिमनोऱ्यात देह ठेवायला, परवानगी नसल्याने दहन करावं लागलं, वरळीच्या स्मशानातल्या प्रार्थनागृहाचा आधार होता, पण दोखमेनशिनीची सुधारित कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयात मान्य व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं.

फोन: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बेभरवशाचा

फोन कोण धरणार हे आधी ठरवा. कर्ता नाही, आणि ज्याला रडू आवरणार नाही असा कोणी नाही. जावई, भाचा, शेजारचा मुलगा, सोसायटीचा सेक्रेटरी, कोणीही चालेल. दोनच जणांना आत सोडत असतील तर एक कर्ता आणि दुसरा हा. ‘मोठ्या काकांना राग येईल’ म्हणून त्यांना आत नेलं आणि फोन कर्त्याच्या खिशात राहिला, हा अगदी नेहमीचा घोटाळा.

ॲप कोणतं? व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर एप्रिल २०२० पर्यंत चारच जण बसायचे, मग आठ झाले. जवळच्यांसाठी तेवढं पुरतं आणि आजी-आजोबांनाही उचलता येतं. मोफत झूमवर १०० जण, पण ४० मिनिटांनी बैठक बंद. दाहिनीच्या रांगेत ४० मिनिटं कशीच पुरत नाहीत. नंबर लागला तेव्हा झूम बंद पडलेलं, हे इतक्या ठिकाणी झालं की दोन लिंक आधीच तयार ठेवायचा सल्ला गुरुजीही द्यायला लागले. यूट्यूबची तर भलतीच अडचण. खात्यावरून पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण सुरू करायचं तर परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, आणि मोबाइलवरून करायचं तर त्या वेळी हजार सबस्क्रायबर लागायचे. माणूस गेल्यावर नवं चॅनेल उघडून उपयोग नाही. फेसबुकवर मागे लावलेल्या रेकॉर्डिंगमधल्या अभंगाला कॉपीराइटची अडचण येते आणि आवाज बंद होतो. अभंग घरच्यांनी तोंडाने म्हटला तर काही होत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तोच जवळचा वाटतो.

झूमचा आणखी एक दोष. मागचा गोंगाट दाबायची त्याची सोय टाळ, घंटा आणि संथ लयीतला मंत्र यांनाही गोंगाट समजते. ऐकणाऱ्याला अर्धे शब्द गिळल्यासारखे येतात. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की हा त्रास जातो. आणि लिंक ग्रुपवर उघडी टाकू नका, पासवर्ड आणि वेटिंग रूम ठेवा. २०२० मध्ये अनोळखी लोक घुसून घाणेरडी चित्रं दाखवायचे, आणि अंत्यविधीही त्यातून सुटले नाहीत.

आता प्रत्यक्ष यंत्र. फोनवर दुसरा कॉल आला की प्रक्षेपण तुटतं, आणि त्या दिवशी त्या फोनवर पन्नास कॉल येणारच. म्हणून दोन फोन हवेत. एकाचा नंबर कोणाला द्यायचा नाही, तो फक्त चित्रणासाठी. तासाला एक ते दीड जीबी डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तो दुपारपर्यंत संपलेला असू शकतो, म्हणून टॉप-अप मारून ठेवा. दाहिनीच्या हॉलला पत्र्याचं छप्पर आणि लोखंडी दारं असतात, आत रेंज जाते. आत जाण्याआधी दोन्ही कंपन्यांची सिम तपासून घ्या. दोन थरांचे हातमोजे घातले की टचस्क्रीन ऐकत नाही, म्हणून कॉल आधी लावायचा, स्क्रीन बंद होण्याची वेळ ‘कधीच नाही’ करायची आणि मग किट चढवायचं. फोन पातळ झिपच्या पिशवीत ठेवला तर नंतर पुसायला सोपा, पण ती पिशवी ओली झाली की बोटं उगाच बटणं दाबत सुटतात. उघड्यावरच्या चितेपासून फोन निदान पंधरा फूट लांब ठेवा. उन्हाचे चाळीस अंश आणि वर चितेची धग, दहा मिनिटांत ‘तापमान वाढले’ असं सांगून फोन बंद होतो.

एवढं करून दाखवायचं काय? ट्रॉली थांबलेली असताना मडक्याच्या फेऱ्या दाखवा, कर्त्याचा नमस्कार दाखवा, आणि दार बंद झाल्यावर फोन लगेच खाली न करता स्वतःचा मास्क लावलेला का होईना चेहरा दाखवून ‘झालं, आता मी बाहेर जातोय’ असं सांगा. कॉल न बोलता तुटला की तिकडची माणसं अर्धा तास काळ्या स्क्रीनसमोर बसून राहतात.

सोय म्हणून पाचपैकी तीन, आणि तेही धरणारा माणूस चांगला असेल तर.

ब्रिटनमधलं वेबकास्ट

उलट्या दिशेने, म्हणजे माणूस लेस्टर किंवा लंडनमध्ये गेला आणि गोतावळा साताऱ्याला, अशा वेळी तिथल्या स्मशानगृहांची सेवा आपल्यापेक्षा फार पुढे होती, कारण ती साथीच्या आधीपासून चालू होती. प्रार्थनागृहात मागच्या भिंतीवर कायमचा कॅमेरा असतो. फ्युनरल डायरेक्टर लॉगिन आणि पासवर्ड देतो, ठरल्या वेळी प्रक्षेपण सुरू होतं आणि ठरल्या वेळी संपतं. परत पाहण्याची मुदत बहुधा २८ दिवस. एरवी याचे वेगळे पैसे पडायचे, अनेक ठिकाणी साथीच्या काळात ते माफ केले.

इंग्लंडमध्ये पहिल्या टाळेबंदीत अगदी जवळच्या नातलगांनाच परवानगी होती, पुढे मर्यादा ३० ची झाली आणि मे २०२१ पर्यंत राहिली. प्रिन्स फिलिप यांच्या एप्रिल २०२१ मधल्या अंत्यविधीलाही ३० च माणसं होती आणि राणी एकट्या बसल्या होत्या. नियम राजवाड्यालाही तोच, हे पाहून तिकडच्या आपल्या लोकांची कुरकुर जरा कमी झाली.

दोष काय? कॅमेरा मागून, एकाच कोनातून. शवपेटी आणि पाठमोरी डोकी दिसतात, चेहरा दिसत नाही. म्हणून तिथेही चेहऱ्याचं दर्शन फ्युनरल होममध्ये आधी वेगळं मागावं लागतं, ते या वेबकास्टमध्ये येत नाही. वेळ ३० ते ४० मिनिटांची आणि घड्याळ कडक. गुरुजींनी पूर्ण मंत्राग्नी धरला की शेवटचं श्रद्धांजलीचं भाषण कापलं जातं. आधी पाच मिनिटांची श्रद्धांजली, मग विधी, असा क्रम उलटा ठेवला की काही सुटत नाही. लॉगिनची अक्षरं लहान-मोठी जशीच्या तशी लागतात, फोनवरून सांगू नका, लिहून पाठवा. वेळेचा फरक मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी दोनची वेळ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा की साडेसात, हे ज्याने त्याने मोजायला ठेवलं की निम्मे लोक तासभर उशिरा येतात. मेसेजमध्ये भारतीय वेळच लिहावी. शवपेटीत काय ठेवायचं तेही आधी विचारा. तुपाची मोठी बरणी, बंद बाटल्या, बॅटरीच्या वस्तू चालत नाहीत, नारळही बऱ्याच ठिकाणी नाकारतात.

तांत्रिक बाजूला पाचपैकी साडेचार. आपलेपणाला दोन. पाहणारा नुसता पाहत राहतो, त्याला करायला काही नसतं.

झूमवरचा दहावा

आणि म्हणूनच या सगळ्या यादीत मला सगळ्यात पसंत पडलेली सेवा ही, जिची सुरुवातीला सगळ्यात जास्त टिंगल झाली. घाट बंद, नाशिकचं रामकुंड बंद, आळंदीला जायला पास नाही, तेव्हा गुरुजी घरातून लॅपटॉपसमोर बसले आणि कर्ता आपल्या गच्चीत किंवा गॅलरीत. इथे लांबच्या माणसाच्या हाताला काम मिळतं.

चांगले गुरुजी आदल्या दिवशी सामानाची यादी आणि ताटाची मांडणी फोटोसकट पाठवतात. यादी आली नाही तर दुसरे गुरुजी बघा, एवढी सोपी कसोटी आहे. पिंडांसाठी एक वाटी तांदूळ शिजवला की लिंबाएवढे दहा-अकरा पिंड आरामात होतात. भात थोडा मऊच ठेवा आणि पूर्ण गार करा, गरम भाताचे पिंड सुटतात. काळे तीळ, दर्भ, मध, तूप, पांढरी फुलं, तांब्या, ताम्हण, पाणी टाकायला बादली. परदेशात दर्भ ऐनवेळी मिळत नाही, त्याला काय घ्यायचं ते गुरुजींना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं, संकल्प थांबवून नको.

तिलांजली इतर नातलगांनाही आपापल्या घरी देता येते. पण त्यासाठी सगळे झूमवरच हवेत. यूट्यूबवरचं चित्र दहा ते तीस सेकंद मागे असतं. गुरुजी ‘सोडा पाणी’ म्हणतात आणि यूट्यूबवरचे लोक पुढच्या मंत्राला पाणी सोडतात. पाणी सोडणारे झूमवर, नुसते पाहणारे यूट्यूबवर, अशी वाटणी करावी. गुरुजींव्यतिरिक्त सगळे म्यूट, नाव-गोत्र सांगायच्या वेळीच उघडायचं, आणि म्यूट-अनम्यूटला घरातलाच एक पोरगा बसवायचा.

कॅमेरा कर्त्याच्या तोंडावर नको, ताटावर हवा. फोन उंच स्टुलावर पुस्तकांच्या चळतीत अडकवून खाली झुकवला की हातही दिसतात आणि गुरुजींना चुकलेलं पवित्रकही (बोटातलं दर्भाचं वळं) दिसतं.

आणि कावळा. गच्चीच्या कठड्यावर पिंड ठेवला की दुसरा फोन तिथे लावून द्यायचा, शक्य तितका लांबून झूम करून, कारण फोनच्या काठीला कावळा बुजतो. पंधरा-वीस मिनिटं काही घडत नाही. तरीही तीन देशांतले लोक स्क्रीन सोडत नाहीत. कोणीतरी हळूच म्हणतं, ‘धाकटीच्या लग्नाचं बघू म्हणावं’, दुसरं म्हणतं, ‘गावच्या घराचं सांगा’. तात्यांची नेमकी कुठली इच्छा राहिली होती यावर कॅनडा आणि कोथरूड यांच्यात चर्चा होते. विधीतला बोलका भाग हाच, आणि प्रक्षेपणातला सगळ्यात जिवंतही. कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा करतात, तो दर्भ बाजूला काढून ठेवलेला असावा.

मृतदेहच मिळाला नाही, परदेशात परस्पर अंत्यसंस्कार झाले आणि इथे अग्नी देता आला नाही, अशांसाठी पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा विधी, आहे. तो मात्र झूमवर उरकू नका. अनुभवी गुरुजींना समोर बसवूनच करावा, कारण मांडणी गुंतागुंतीची आहे.

या सेवेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो दक्षिणा आधी न सांगणाऱ्यांसाठी.

टपालाने अस्थी

भारतीय टपाल खात्याने ‘ओम दिव्य दर्शन’ या संस्थेबरोबर २०२१ मध्ये एक सोय सुरू केली. अस्थींचं पाकीट स्पीड पोस्टने पाठवायचं. वाराणसी, प्रयागराज, हरिद्वार किंवा गया इथे पुरोहित विसर्जन आणि विधी करतात, घरच्यांना तो थेट पाहता येतो, आणि नंतर गंगाजलाची बाटली टपालाने घरी येते. आधी संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी, मग पाकिटावर ठळक अक्षरांत ‘ओम दिव्य दर्शन’ आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण तपशील. स्पीड पोस्टचा खर्च आपला.

कल्पना नेमकी आहे. अस्थी महिनोन्‌महिने झाडाला टांगून किंवा स्मशानातल्या कपाटात ठेवाव्या लागलेल्या घरांना याची गरज होतीच. मराठी घरांसाठी उणीव एकच, पण मोठी: यादीत नाशिक नाही, पंढरपूर नाही, आळंदी नाही. ज्यांच्या घरी अस्थी गोदावरीतच सोडायची रीत, त्यांना याचा उपयोग नाही.

पाठवायचंच तर सगळी राख पाठवू नका. मोठ्या माणसाची सगळी राख दोन-तीन किलो भरते. सावडताना वेगळ्या काढलेल्या अस्थी पुरतात, त्या पाव-अर्ध्या किलोच्या आत बसतात. दूध-पाणी शिंपडून सावडलेल्या अस्थी ओलसर असतात, तशाच प्लास्टिकमध्ये बांधल्या तर बुरशी धरते. दोन दिवस सावलीत सुती कापडावर वाळवा, मग सुती पुरचुंडी, तिच्यावर झिपची जाड पिशवी, आणि बाहेर पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं डबडं. मातीचा कलश टपालात फुटतो. नाव आणि गोत्राची चिठ्ठी डब्याच्या आत एक, पुरचुंडीला बांधलेली एक, कारण बाहेरची ओली होते. परदेशातून अस्थी आणणाऱ्यांनी दहनाचं प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला आणि भारतीय दूतावासाचं ना हरकत पत्र हातातल्या बॅगेत ठेवावं, कलशासकट. तो लाकडी किंवा प्लास्टिकचा असावा, धातूचा असला तर क्ष-किरणात आतलं दिसत नाही आणि तपासणीला अडकतो.

डबा बंद करण्याआधी सगळ्या भावंडांना एकदा विचारून घ्या. धाकट्या बहिणीला थोड्या अस्थी कृष्णेत सोडायच्या असतील, कोणाला रामकुंड उघडायची वाट बघायची असेल. वाटणी करायची तर ती पाठवण्याआधीच करावी लागते, आणि स्पीड पोस्टच्या पावतीचा फोटो ग्रुपवर टाकून ठेवावा म्हणजे पाकीट कुठवर पोचलं ते ज्याचं त्याला बघता येतं.